सायकलच्या मागे आलेली काठी

मला एक वाईट खोड आहे. कुणाच्याही घरी गेले आणि भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली, की चहा येण्याआधी मी उठून ती सरळ करते. कराडच्या शाळेत सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवल्याचा हा परिणाम असावा. मुलांच्या कागदावर नको तिथे बसलेला कावळा किंवा नको तिथे उगवलेलं झाड मी कितीदा तरी पुसायला लावलं आहे. "चौकटीत हवं तेवढंच ठेवा," हे माझं ठरलेलं वाक्य. मधल्या सुट्टीत पोरं माझी नक्कल करायची ती याच वाक्यानं. ही खोड सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते तिच्यापायी झालं.

सायकल माझी नाही, मुलाची. तो नोकरीला बंगळूरला गेला आणि त्याची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. माझे गुडघे कुरकुरायला लागले होते, तेव्हा ती बाहेर काढली. आता आमच्याकडे सायकलवाल्यांचा एक गटच आहे. रविवारी पहाटे निघायचं, कुठेतरी मिसळ हाणायची आणि घरी येऊन मोबाईलवरच्या गटात फोटो टाकायचे. खरं सांगायचं तर निम्मी मंडळी फोटोसाठीच सायकल चालवतात, आणि त्यात माझा नंबर पहिला. गेल्या जानेवारीत मी एकटीनं रत्नागिरी ते गुहागर जायचं ठरवलं तेव्हा ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, "एकटी?" मी म्हटलं, "सायकल आहे की सोबत."

मांडवी ते जयगड

रत्नागिरीत माझी मावसबहीण मांडवीला राहते. तिच्याकडून सकाळी साडेसहाला निघाले. निघताना ती म्हणाली, "समुद्राच्या कडेकडेनं तर जायचंय गो, सपाटच असेल सगळं." ती आयुष्यात कधी सायकलवर बसलेली नाही, हे मला आरे-वारेच्या चढावर आठवलं.

आमच्याकडे कृष्णेच्या काठानं जाणारा रस्ता उसातून सरळ जातो, डुलकी लागेल इतका सपाट. इथे समुद्र डाव्या हाताला आहे म्हणून रस्ता समुद्राच्या पातळीवर असेल असं मी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात रस्ता डोंगरावर चढतो, खाली पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, आपटतो आणि लगेच पुढच्या डोंगरावर चढतो. दुसऱ्या चढावर मी उतरून सायकल ढकलू लागले. पण वर पोचले आणि तोंडाचा आ वासला तो मिटेचना. एका डोंगराच्या दोन्ही अंगांना दोन किनारे, दोन्हींवर पांढरी झालर, आणि माणूस म्हणून एकही नाही. तिथे सायकल कठड्याला टेकवून पहिला फोटो काढला. गटात तो सगळ्यांनी पाहिलाच आहे.

पुढे सडा लागला. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट कातळाचं रान, जांभ्या दगडाचं, उन्हानं काळं पडलेलं, त्यावर वाळून सोनेरी झालेलं गुडघाभर गवत. कडेला आंब्याच्या बागा, आणि त्यांच्या मोहोराचा वास इतका दाट की श्वास घेताना घशात गोडी लागावी. एका वाडीत पाणी मागायला थांबले तर अकरा घरं, त्यातल्या नऊ घरांना कुलूप. घरं पडकी नव्हेत बरं का. भिंतींना ताजा गुलाबी रंग, दारावर नवं तोरण आणि कडीला भलंमोठं कुलूप. गवत कापणारे एक आजोबा म्हणाले, "समदी मुंबयला. गणपतीला येतील, शिमग्याला येतील. तवा बघा, पाय ठेवाया जागा नसते." आमच्याकडे घर बंद दिसलं की लोक काळजीनं चौकशी करतात. इथे बंद घर ही रोजची गोष्ट आहे, याचा मला धक्काच बसला.

मालगुंडला घावणे आणि चहा झाला. एक म्हणता म्हणता पाच खाल्ले. दुपारी जयगडच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढले तेव्हा दोर बांधणाऱ्यानं मला पायापासून हेल्मेटपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "म्याडम, ह्या वयात?"

"याच वयात वेळ मिळतो," मी म्हटलं. तो हसला आणि त्यानं माझी सायकल मोटारींच्या मध्ये नीट उभी करून दिली.

खाडीच्या तोंडावर

पलीकडे तवसाळला उतरले आणि हेदवीच्या रस्त्याला लागले. मुक्काम हेदवीला करायचा बेत होता. पण वाटेत एका छोट्या खाडीच्या तोंडाशी एक गाव लागलं आणि तिथलं ऊन बघून माझे पाय थांबले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते कळेलच.

चार वाजायला आले होते. किनाऱ्यालगतच्या पहिल्याच घरापाशी पाणी मागितलं. घरधनीण सुनंदाताई माझ्याच वयाच्या, कासोटा मारलेलं लुगडं, हातात छोटी कोयती आणि कमरेला अॅल्युमिनियमचं पातेलं. पाणी देता देता त्यांनी माझी सगळी माहिती काढली. मग म्हणाल्या, "ऱ्हावा आज हितंच. हेदवी काय पळून जातंय?"

मी राहिले. इतक्या सहज कुणी घरात घेईल असं मला वाटलं नव्हतं. आमच्याकडेही पाहुणचार असतो, पण आधी कूळ-मूळ विचारून झाल्यावर. त्यांचे यजमान, महादेव, समोरच्या वाळूत जोडीदाराबरोबर होडी लोटत होते. रात्रभर बाहेर राहून सकाळी यायचे होते. माझ्याकडे बघून ओरडले, "बाय, जावू नका हां सकाळी! रेणवी आनतंय ताजी!" रेणवी म्हणजे तिकडची एक मासळी. इंजिन फुटफुटलं आणि होडी बाहेर गेली.

शेजारच्या घराच्या पडवीत एक गृहस्थ जाळं विणत बसले होते. साठीचे, सडपातळ. "कुठनं आलाव?" त्यांनी विचारलं. कराडहून म्हटल्यावर "लांबनं," एवढंच बोलून मान खाली घातली. दोन अंगणांच्या मधोमध चिऱ्यांचा नवा कोरा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घातलेला होता. सुनंदाताई वाटेत हळू आवाजात म्हणाल्या, "थोरला दीर माझा. शंकर. ह्यांनी नवी होडी घेतली तवापासनं दोघांचं बोलनं नाय. भाव-भाव असून."

सुनंदाताई कालवं काढायला निघाल्या होत्या. ओहोटीला, म्हणजे त्यांच्या भाषेत सुकतीला, खाडीच्या तोंडाशी काळ्या खडकाची एक लांबलचक जीभ उघडी पडते. तिच्यावर कालवं चिकटलेली असतात. कोयतीच्या एका टोल्यानं शिंपलं उघडून त्यांनी आतला मऊ गोळा माझ्यासमोर धरला. "खावा."

"कच्चं?"

"मंग काय, फोडनी घालू हितं?"

डोळे मिटून खाल्लं. आधी समुद्राचं खारं पाणी, मग थोडं गोड. कराडात कुणाला सांगितलं तर वाळीत टाकतील.

आता माझी करणी ऐका. खडकाच्या अगदी टोकाला, जिथून उघडा समुद्र आणि खाडी दोन्ही दिसतात, तिथे सायकल उभी करून फोटो काढायचं माझ्या डोक्यात आलं. सुनंदाताई अलीकडच्या बाजूला पाठमोऱ्या वाकून काम करत होत्या. मी सायकल खांद्यावर घेतली आणि शेवाळावरून तोल सांभाळत टोक गाठलं. ऊन कललेलं, पाण्याला सोनं चढलेलं. सायकल उभी केली, मोबाईल धरला, पहिला फोटो काढला.

सायकलच्या मागे एक काठी आली होती.

पुरुषभर उंचीची वाकडी बांबूची काठी, खडकाच्या फटीत खोचलेली, टोकाला काळ्या प्लास्टिकची फाटकी चिंधी. ती बरोबर सीटमधून उगवल्यासारखी दिसत होती. मी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. पुढे जागा नव्हती, मागे पाणी होतं. सगळी चौकट कशी छान जमली होती आणि मधोमध ती चिंधी फडफडत होती. कुणीतरी गंमत म्हणून खोचली असेल, असा विचार करून मी ती उपटली. सहज निघाली नाही हो ती. फटीत ठोकून बसवलेले दगड मला एकेक करून काढावे लागले, दोन्ही हात लावून हलवावी लागली. इतकी घट्ट बसवलेली वस्तू कुणी गंमत म्हणून बसवत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. काठी बाजूला आडवी ठेवली. फोटो झाल्यावर परत खोचू, असं मनाशी म्हटलं आणि एकामागून एक फोटो काढत सुटले.

"ओ बाय! पानी भरतंय! या मागं, या!"

सुनंदाताईंचा आवाज होता. वळून बघते तर ज्या खोलगट खडकावरून मी आले होते तिथे घोटाभर पाणी खळखळत होतं. माझी अक्षरशः पाचावर धारण बसली. नदीचा पूर मी पाहिलेला आहे, तो दिवसभर चढतो. हे पाणी मी फोटो काढत होते तेवढ्यात माझ्या मागून गुपचूप आलं होतं. सायकल खांद्यावर टाकून मी धावले, घसरले, गुडघा फोडून घेतला. सुनंदाताई पातेलं तिथेच ठेवून पोटरीभर पाण्यात शिरल्या, त्यांनी पुढचं चाक धरलं आणि मला ओढून काढलं. "मरायचं हाय काय फोटोसाठी?" त्या ओरडल्या. मग दोघीही हसायला लागलो.

काठी मागेच राहिली. ती मला त्या रात्री एकदाही आठवली नाही.

संध्याकाळी कालवांचं सुकं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. आमच्याकडे शेंगदाण्याच्या कुटाशिवाय कालवण होत नाही, इथे नारळाशिवाय. विहिरीपाशी मोबाईलला रेंज येते असं कळलं म्हणून तिथे जाऊन गटात फोटो टाकला. मंडळी तुटून पडली. "काय फ्रेम साधलीय!" "बाई, प्रदर्शन भरवा!" माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

सकाळ

सकाळी आठच्या सुमारास मी पडवीत चहा पीत होते. सुनंदाताई रेणवी तळायला म्हणून तांदळाचं पीठ काढून ठेवत होत्या. समुद्राकडून आधी एक आवाज आला, मोठं लाकूड चिरफाळावं तसा. मग माणसांचा आरडाओरडा. सुनंदाताईंच्या हातातलं पिठाचं ताट खाली पडलं आणि त्या धावल्या. मी त्यांच्या मागे.

महादेवांची होडी खाडीच्या तोंडाशी कलंडली होती. गावातली चार-सहा माणसं कमरभर पाण्यात शिरून तिला ओढत होती. जोडीदाराच्या कपाळातून रक्त येत होतं. महादेवांचा उजवा हात खांद्यापासून विचित्र लोंबत होता. होडी वाळूवर आली तेव्हा तिच्या तळाची फळी हातभर फुटलेली दिसली. जाळं पाण्यातच गेलं होतं. सुनंदाताई नवऱ्याच्या अंगावरून नुसता हात फिरवत होत्या.

महादेव वाळूवर बसून एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होते. "सूर्य डोळ्यात व्हता. समोर काय दिसत नाय, नुसतं पानी चमाकतंय. मी काठी बघतंय, काठी बघतंय. काठी नाय. म्हटलं खडक अजून पुढं हाय. काठीच नाय, तर मी काय करू?"

मी समुद्राकडे पाहिलं. काल जिथे माझी सायकल उभी होती तिथे सपाट, चकचकीत पाणी होतं. खडक हातभर खाली असेल, वरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. आणि काठी नव्हती.

पश्चिमेच्या समुद्रातून सकाळी परतणारा माणूस तोंड करतो पूर्वेला, उगवत्या सूर्याकडे. त्याला दिसावी म्हणून ती काठी, आणि त्या काळ्या चिंधीचा तो बावटा.

"कोन काढील?" कुणीतरी विचारलं. आणि मला वाटलं, आता सगळे माझ्याकडे वळतील. पण एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना वळल्या त्या शंकरकाकांकडे. ते होडी ओढणाऱ्यांत होते, धोतर कमरेपर्यंत भिजलेलं, धापा टाकत उभे होते.

"ज्येनं रोवलान त्येनंच उपटलान," एक बाई म्हणाली. "दुसरा कोन हात लावील तिला?"

मग मला कळलं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, की खडकावर काठी रोवायचा मान शंकरकाकांच्या घरचा. बापाकडून त्यांच्याकडे आलेला. एकदा ती रोवली की गावात कुणीही तिला बोट लावत नाही, अगदी रांगतं पोरसुद्धा नाही. त्यामुळे काठी दुसऱ्या कुणी काढली असेल हे गावाच्या कल्पनेतच बसत नव्हतं. भावाशी भांडण, नवी होडी, मधला गडगा, सगळं लोकांनी भराभर जुळवून टाकलं.

"मी नाय," शंकरकाका म्हणाले. एकदाच.

महादेवांनी भावाकडे बघितलंसुद्धा नाही. देवळाचा मान असलेले एक म्हातारे गावकर होते. त्यांनी निकाल दिला, "धा वाजता देवळात ये. नारळावर हात ठेव. देवीसमोर सांग मी नाय म्हनून. मंग बगू."

आता सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट लिहिते. मी बोलले नाही. मी घाबरले होते. मी खोलीत गेले, पिशवी भरली, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि खाटेच्या कडेला बसून राहिले. मोबाईल उघडला. पहिला फोटो, सायकल आणि मागे काठी. दुसरा फोटो, नुसती सायकल. त्याखाली काल रात्रीपासूनच्या शाबासक्या. हेदवी तासाभराच्या अंतरावर होती. मी निघून गेले असते तर या गावाला जन्मात कळलं नसतं.

आमच्याकडे शेताच्या बांधावरचा दगड कुणी हलवत नाही. हलवला तर पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. कुणाच्या बांधावरचा वाकडा दगड फोटोसाठी मी कधी सरळ केला असता का? नाही. पण समुद्र बघितला आणि इथलं काही कुणाचंच नसतं, असं धरून चालले.

तेवढ्यात दार वाजलं. सुनंदाताई होत्या. डोळे सुजलेले. हातात कपबशी. "चाय अर्धाच ऱ्हायला व्हता तुमचा," त्या म्हणाल्या. "उपाशी जावू नका. आज रेणवी काय मिळाली नाय तुमाला." घरावर एवढं संकट कोसळलेलं आणि ही बाई मला रेणवी मिळाली नाही म्हणून हळहळत होती.

खिडकीतून शेजारचं अंगण दिसत होतं. शंकरकाका विहिरीवर आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, उघड्या अंगानं निघाले होते. दोन्ही हातांत नारळ. वाटेत उभी असलेली माणसं त्यांना जागा करून देत होती आणि कुणीही त्यांच्याबरोबर चालत नव्हतं. फक्त मागे दहा पावलांवर त्यांची बायको, तोंडाला पदर लावून.

मी हेल्मेट काढलं.

देवळात

देऊळ लहान, कौलारू. आत-बाहेर मिळून तीसेक माणसं. महादेव खांबाला टेकून बसले होते, हात पंच्यानं गळ्यात बांधलेला. तालुक्याच्या दवाखान्यात जायचं सोडून आधी इथे आले होते. शंकरकाका देवीसमोर बसले, नारळ ठेवला, हात पुढे केला.

"थांबा," मी म्हटलं. "काठी मी काढली."

कुणाला कळेचना. गावकर म्हणाले, "कुठली काठी?"

"खडकावरची. काल संध्याकाळी. फोटोत येत होती म्हणून. परत खोचणार होते, पाणी भरलं आणि विसरले."

"फोटोत येत व्हती," मागून कुणीतरी माझे शब्द सावकाश पुन्हा उच्चारले. एक माणूस हसला, पण ते हसू नव्हतं. मी मोबाईल पुढे केला. तो हातोहात फिरला. महादेवांनी डाव्या हातात घेतला आणि अंगठ्यानं मागे-पुढे करत बसले. काठी आहे, काठी नाही. काठी आहे, काठी नाही.

मला वाटलं होतं शिव्या पडतील. पडायला हव्या होत्या. त्याऐवजी सुनंदाताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी हाक मारली तुमाला. पानी भरतंय म्हनून."

बस्स, एवढंच. मी खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

गावकर थोर माणूस. त्यांनी मला उठवलं नाही, समजूतही घातली नाही. वेगळा नारळ मागवला, माझ्यासमोर ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "हे आई, ही लांबची बाय, हिच्या हातनं चूक झाली. जानून केली नाय. कबूल केलीन. पदरात घे. आनि आमच्याकडनं ह्या सकाळी जी काय चूक झाली ती पन पदरात घे." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "संध्याकाळी सुकतीला नवी काठी रोवायची. तुमी शंकरबरोबर जायाचं."

महादेव धडपडत उठले, भावाच्या दिशेनं दोन पावलं गेले. "दादा," ते म्हणाले. शंकरकाकांनी देवीसमोरचा आपला नारळ उचलला, शपथ न घेतलेला, आणि ते घरी निघून गेले.

सुकती

पाच वाजून गेल्यावर खडक उघडा पडला. शंकरकाका पुढे, खांद्यावर ताज्या बांबूची काठी. मी मागे, रिकाम्या हातानं. जुनी काठी अर्थातच वाहून गेली होती. फट मात्र तशीच होती, आणि मी काढून टाकलेले दगड आजूबाजूला पडलेले होते. "आना," ते म्हणाले. मी एकेक दगड आणून दिला. कुठला दगड कुठे बसायचा हे त्यांना न बघता माहीत होतं. दोन दगड हरवले होते, तर त्यांनी दुसरे तसेच चालवून घेतले नाहीत. घडून घडून बसवले.

बावट्यासाठी मी माझा भगवा गळपट्टा पुढे केला. रस्त्यावर लांबून दिसावा म्हणून मी तो घालते. त्यांनी मान हलवली. "काळीच लागते. उन्हात काळीच दिसते." आणि काळ्या प्लास्टिकची चिंधी बांधली. आयुष्यभर पोरांना रंग शिकवले मी.

"काका, मला माफ करा," मी म्हटलं. "माझ्यामुळे तुमच्यावर आळ आला."

त्यांनी काठी हलवून बघितली. घट्ट होती. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमची चूक काठीची, बाय. काठी ही उभी ऱ्हायली," ते म्हणाले. "चाळीस वर्सं मी रोवतंय. सकाळी म्हटलं मी नाय. एकानं तरी मानलान? भावानं मानलान? तुमचा फोटो बघितलानी, मंग मानलानी." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "चला. पानी फिरलं."

परत येताना खोलगट खडकाशी त्यांनी न सांगता हात पुढे केला आणि मला पलीकडे घेतलं. वाळूवर महादेव वाट बघत उभे होते, हाताला प्लास्टर. शंकरकाका त्यांच्या शेजारून गेले. थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. सुनंदाताईंनी कोकमाची पुडी दिली आणि "संभाळून जावा," म्हणाल्या. पुन्हा या, असं म्हणाल्या नाहीत. हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन घेतलं. गुहागरच्या पोफळीच्या बागांतून सायकल नेली, लांबलचक किनाऱ्यावर बसले. फार सुंदर आहे सगळं, जरूर जा. माझ्याकडे तिथला फोटो एकही नाही.

घरी आल्यावर गटातला तो गाजलेला फोटो मी काढून टाकला. बऱ्याच जणांनी कारण विचारलं. मी फक्त त्या जागी पहिला फोटो टाकला. मागे वाकडी काठी आणि काळी चिंधी असलेला.

पाच मिनिटांत आमच्यातल्या एका हौशी गृहस्थांचं उत्तर आलं. "बाई, झकास! मागची ती काठी तेवढी पुसून टाका. आता मोबाईलमध्ये एका बोटानं होतं ते."

त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते लिहायला बसले, तर हे एवढं सगळं लिहून झालं.